परभाषेतील मेंदू-व्यायामाची ॲप्स आणि स्थलांतरित ज्येष्ठ

प्रश्न (सदस्य: निवांत)

माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या असून काही वर्षांपासून परदेशात आमच्याकडे राहतात. त्यांच्या फोनवर आम्ही मेंदूला व्यायाम देणारे एक इंग्रजी ॲप घेऊन दिले आहे. अक्षरे जुळवून शब्द तयार करण्याच्या खेळात त्या नेहमी तळाला असतात, आकृत्यांच्या खेळात बऱ्या असतात, आणि ॲप मात्र दर आठवड्याला ‘तुमच्या वयोगटाच्या सरासरीपेक्षा कमी’ असा तक्ता दाखवते. आपल्याला स्मृतिभ्रंश होतो आहे, अशी धास्ती त्यांनी घेतली आहे. या गुणांवर किती विश्वास ठेवावा, आणि वर्षभराचे शुल्क भरण्यात अर्थ आहे का?

उत्तर (सदस्य: भाषासेतू)

तो तक्ता आधी बाजूला ठेवावा. अक्षरांच्या खेळात त्यांची स्मरणशक्ती कमी आणि इंग्रजी स्पेलिंगचा सरावच अधिक तपासला जातो, शिवाय वर घड्याळ चालू असते. सूचना वाचून, तिचा मनात मराठी अर्थ लावून बोट उचलेपर्यंत वेळ संपलेली असते.

याची उलटी बाजूही आहे. निळ्या शाईत ‘लाल’ असा शब्द दाखवून शाईचा रंग विचारणारा खेळ अनेक ॲप्समध्ये असतो. ज्याला ती भाषा सफाईने वाचता येते, तो शब्दापाशी अडखळतो. ज्याचे वाचन संथ आहे, त्याला शब्द तितकासा आडवा येत नाही. म्हणजे भाषा कच्ची असल्यामुळे गुण घसरतात, तसे कधीकधी फुगतातही.

खरोखर शंका असेल, तर डॉक्टरांकडे दुभाष्यासह चाचणी मागावी. ऑस्ट्रेलियात बहुभाषक समाजांसाठी तयार झालेली, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘रुडास’ ही चाचणी नेमकी या अडचणीसाठी आहे. तीत एका हाताची मूठ आणि दुसऱ्याचा तळवा आळीपाळीने बदलायला सांगतात, वर्दळीचा रस्ता सुरक्षितपणे कसा ओलांडाल असे विचारतात. स्पेलिंगचा प्रश्नच येत नाही.

उत्तर (सदस्य: पडताळा)

शुल्काबाबत माझे मत सावध आहे. खेळात प्रगती होते ती मुख्यतः त्याच खेळात. रोजच्या व्यवहारात तिचा उपयोग होतो, याचा पुरावा तोकडा आहे. ‘ल्युमॉसिटी’ या ॲपच्या कंपनीने वार्धक्यातील ऱ्हास लांबवण्याचे दावे पुरेशा आधाराविना केल्याचा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला होता, आणि जानेवारी २०१६ मध्ये त्या कंपनीने २० लाख डॉलर भरून तडजोड केली.

तरीही सगळे खेळ एका मापाने मोजू नयेत. ‘ॲक्टिव्ह’ या अमेरिकी अभ्यासात ६५ वर्षे व त्यांहून अधिक वयाचे २,८३२ जण होते. दहा वर्षांनंतर तर्काच्या आणि वेगाच्या प्रशिक्षणाचा परिणाम त्या-त्या कौशल्यात टिकलेला दिसला, स्मरणाच्या प्रशिक्षणाचा मात्र टिकला नाही. वेगाच्या प्रशिक्षणात पडद्याच्या मध्यभागी क्षणभर चमकणारे वाहन ओळखायचे आणि त्याच वेळी कडेला दिसलेली खूण कुठे होती ते सांगायचे असते. त्याला इंग्रजी लागत नाही, म्हणून सासूबाईंना काही खेळायचेच असेल तर असे खेळावे.

उत्तर (सदस्य: सायंफेरी)

वरील दोन्ही उत्तरे पटतात, पण ॲप एकदम काढून घेऊ नये. ज्यांना घराबाहेर कोणाशी बोलता येत नाही, त्यांचा दिवस लांबलचक असतो आणि त्यांना तेवढाच विरंगुळा असतो. साप्ताहिक तक्त्याची सूचना सेटिंग्जमधून बंद करता आली तर करावी.

त्याआधी कान आणि डोळे तपासून घ्यावेत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके मांडले, त्यांत बहिरेपणा, उपचाराविना राहिलेली दृष्टिहीनता आणि एकटेपणाही आहे. शुल्काचे पैसे हाताशी असतील, तर मराठी मंडळाच्या साप्ताहिक बैठकीला जाण्या-येण्याची सोय करण्यावर ते खर्च करावेत.

प्रश्नकर्ता (सदस्य: निवांत)

सर्वांचे आभार. तक्त्याची सूचना आज बंद केली. श्रवणचाचणीची वेळ मागताना मराठी दुभाष्याची विनंती त्याच अर्जात करता येते की रुग्णालयाला वेगळे कळवावे लागते, हे कोणाला ठाऊक असल्यास कृपया सांगावे.