गोठलेल्या मातीतला कर्ब सुटतोय, म्हणून आपण हात टेकायचे?

करवीरचा मास्तर:
पूरप्रश्नावर बोलायला आम्ही काहीजण शाहूपुरीत जमलो होतो. एक तरुण म्हणाला, "उत्तर ध्रुवाकडची गोठलेली जमीन वितळायला लागलीय. त्यातला मिथेन वायू म्हणजे बॉम्ब आहे. आता आपण इथं काही करून उपयोग नाही." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ गोठून राहिलेली जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट. सायबेरिया, अलास्का, कॅनडात तिचा मोठा पसारा. हजारो वर्षांपूर्वीची मुळं, गवत, शेवाळ तिच्यात धड न कुजता पडून आहे. त्यातला कर्ब, म्हणजे कार्बन, साधारण १,५०० अब्ज टन, म्हणजे आज हवेत असलेल्या कर्बाच्या जवळजवळ दुप्पट. आकड्यानं पोटात गोळा येतो, खरंय. पण तो सगळा एकदम सुटत नाही. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-शास्त्रज्ञ मंडळाचा २०२१ चा अंदाज असा, की जगाच्या तापमानात होणाऱ्या दर एक अंश वाढीमागे २१०० पर्यंत सुमारे १८ अब्ज टन कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडेल. कमीत कमी ३, जास्तीत जास्त ४१. कोळसा, तेल, गॅस जाळून माणूस दर वर्षी १० अब्ज टनांच्या आसपास सोडतो. म्हणजे तिकडं किती सुटणार, हे अजूनही बरंचसं आपण किती तापवतो यावरच आहे. मग उपयोग नाही कसा?

शिरोळचा शेतकरी:
सर, आकडे बरोबर असतील. पण २०१९ ला आणि २०२१ ला आमचा ऊस शेंड्यापर्यंत पाण्यात होता. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विसर्ग, नदीकाठचे भराव, पूररेषेतली बांधकामं हे सोडून सायबेरिया कशाला? ज्यांनी शंभर-दीडशे वर्षं कोळसा जाळला त्यांनी बघावं की.

मातीपरीक्षणवाली:
दादा, पूररेषेचं तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. पण हा विषय परका नाही, तुमच्या उसाच्या खोडव्यात रोज दिसतो. सरीत पसरलेलं पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, उन्हाळ्यात खडखडीत पडून राहतं. पाऊस झाला, युरिया-सुपर आणि कुजवणारे जिवाणू पडले, की थोड्याच दिवसांत खालचा थर उचलून बघा. काळपट, ओला, बोटांत चुरतो, मध्ये बुरशीचे पांढरे धागे. त्यातला थोडा कर्ब मातीत राहतो, बाकीचा हवेत जातो. तिकडं जिवाणूंना थंडीनं थांबवलंय, एवढाच फरक. जमीन मोकळी झाली की तेच काम सुरू. हवा खेळती असेल तर कार्बन डायऑक्साइड, पाणी साचलं तर मिथेन. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या वजनाला वजन अठ्ठावीसपट तापवतो. आपण दर वर्षी नवं पाचट घालू शकतो. तिकडचा साठा हजारो वर्षांचा, तो परत भरायला तेवढाच काळ लागणार.

दुसरी बाजू:
आर्क्टिक हिरवं होतंय, झुडपं वाढतायत, हे का सांगत नाही? ती झाडं कर्ब ओढून घेतील. आणि मास्तरांच्याच हिशेबानं तापमान तीन अंश वाढलं तरी आपल्या पाच-सहा वर्षांच्या धुराएवढाच कर्ब. त्यासाठी एवढी काळजी?

मातीपरीक्षणवाली:
झुडपं वाढतायत, बरोबर. पण तिथला उन्हाळा मोजका. पानं गळली तरी बर्फाच्या जाड थराखाली जमीन लगेच गोठत नाही, जिवाणू चालूच राहतात. वर वणवे. अमेरिकेच्या 'नोआ' संस्थेच्या डिसेंबर २०२४ च्या अहवालानुसार, वणवे धरले तर टुंड्रा, म्हणजे आर्क्टिकचा उंच झाडं नसलेला प्रदेश, आता कर्ब साठवण्याऐवजी सोडू लागलाय. पाच-सहा वर्षांचा धूर आपण ठरवून कमी करू शकतो. वितळलेली जमीन कुणाच्या ठरवण्यानं थांबत नाही, २१०० नंतरही नाही.

सभेतला तो:
तो तरुण मीच, आणि माझी भीती कायम आहे. तुमचे १८ अब्ज टन मुख्यतः वरून हळूहळू वितळणाऱ्या जमिनीचे. जिथं मातीत बर्फच जास्त, तिथं जमीन खचते, तळी होतात, खोलवरचा कर्ब उघडा पडतो. ते बहुतेक मॉडेलांत धरलेलंच नाही. सायबेरियात याकुतियातलं बातागाइका बघा. १९६० च्या दशकात तिथलं जंगल तोडलं, उतार खचायला लागला, आज तो खड्डा सुमारे एक किलोमीटर लांब आहे आणि वाढतोच आहे. जून २०२० मध्ये याकुतियातल्याच व्हेर्खोयान्स्क गावाला ३८ अंश होतं! उपयोग नाही म्हणालो ते पावसाळ्यात रोपं लावून घरी जाण्याबद्दल.

करवीरचा मास्तर:
मग हे सभेत स्पष्ट म्हणायला हवं होतंस. तिथं उठून गेलेली माणसं 'संपलं सगळं' एवढंच घेऊन गेली.

शिरोळचा शेतकरी:
ताई, पाचट ठेवायला माझी ना नाही. ते बारीक करायच्या कुट्टी मशीनचं भाडं कोण देणार? तोडणी टोळीला पेटवलेला फड सोपा पडतो. जळीत उसाला कारखाना कपात लावतो, ती आमच्या माथी.

मातीपरीक्षणवाली:
भाड्याचा प्रश्न रास्त आहे, तो कारखान्याच्या सभेत मांडायलाच हवा, मी सोबत येते. पण दादा, पाचट ठेवा ते तुमच्या रानासाठी, पाणी धरून राहतं म्हणून. त्यानं सायबेरियाची भरपाई होईल असं मी सांगणार नाही. त्यासाठी जगाचा कोळसा कमी व्हायला लागतो, आपल्या विजेसाठी जळणाराही.