जाळीपलीकडची काळजी
बोटीच्या कठड्याला जाळी बांधली की बोटीवर राहणाऱ्या मुलांची काळजी मिटली, असे कोणी म्हणेल. ते अर्धेच खरे आहे. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पावरील ला पाझच्या खाडीत उन्हाळ्यात रात्री नैऋत्येकडून कोरोमुएल नावाचा वारा सुटतो, नांगरलेली बोट हेलकावू लागते आणि झोपलेले मूल खाली पडू नये म्हणून बिछान्याच्या उघड्या बाजूला जाड कापड ताणून बांधावे लागते (फळीपेक्षा कापड बरे, डोके आपटत नाही). खरी धास्ती मात्र चक्रीवादळांची. पूर्व पॅसिफिकमध्ये त्यांचा हंगाम १५ मे ते ३० नोव्हेंबर असतो, आणि सप्टेंबर २०१४ च्या ओडील वादळात ला पाझ येथे अनेक बोटींची हानी झाली. त्यामुळे लहान मुले असणाऱ्यांनी ऐन हंगामात बोट मेक्सिकोच्या मुख्य भूमीवरील ग्वायमास बंदराच्या बाजूला जमिनीवर चढवून ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.