मदत हवी आहे: कॅलिफोर्निया वर्कर्स कॉम्प (कामावरच्या दुखापतीचा विमा), नव्या तारखेला जुना दर

फिजिशियन फी शेड्यूलचा (डॉक्टरांच्या सरकारी दरपत्रकाचा) वार्षिक आदेश लागू झाल्यानंतरच्या सहा भेटी, कामगार एकच, कोड ९९२१३ (डॉक्टरची तपासणी) आणि ९७११० (व्यायामोपचार). विमा कंपनीने सगळ्या ओळी जुन्या कन्व्हर्जन फॅक्टरने (कोडच्या गुणांचे डॉलर करणाऱ्या आकड्याने) मोजल्यात. दर ठरतो तो भेटीच्या तारखेवर, बिल कधी गेलं यावर नाही. आमचा हिशेब २०१९पासूनच्या लोकॅलिटीप्रमाणेच (भागानुसार बदलणाऱ्या दराप्रमाणेच) आहे, तिथे घोळ नाही.

सेकंड रिव्ह्यू (कंपनीकडेच फेरतपासणीची मागणी) ईओआरपासून, म्हणजे काय दिलं-कापलं ते सांगणाऱ्या कंपनीच्या पत्रापासून, ९० दिवसांत गेला; बिलाच्या फॉर्मवर रकाना १०डी मध्ये फेरतपासणीचा कोड बीजीडब्ल्यू३ टाकला होता. (तो कोड टाकायचा राहिला की बिल सरळ डुप्लिकेट म्हणून परत येतं, हे नव्यांनी लक्षात ठेवा.) उत्तर: 'रक्कम बरोबर आहे.'

आता ३० दिवसांत आयबीआर (त्रयस्थाकडून बिलाची तपासणी) मागायचा. फी १८० डॉलर आणि दर भेटीला तूट जेमतेम काही डॉलरची, म्हणजे सुटे अर्ज परवडणारच नाहीत. एक कामगार, एक कंपनी, एक कोड, एकूण वाद ४,००० डॉलरच्या आत असेल तर तारखा एकत्र करता येतात.

अडतंय इथे: कोड दोन म्हणून अर्जही दोनच का? आणि सहा निर्णय वेगवेगळ्या तारखांचे असताना ३० दिवस पहिल्यापासूनच धरायचे ना? कुणी असा अर्ज केला असेल तर सोबत काय जोडलं, तेही सांगा.