गेलिक फुटबॉलच्या मॅनेजरकडून कंपन्यांनी धडे घ्यावेत का?

लिफीकाठी
आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉलचा संघ जिंकवून दाखवलेला मॅनेजर (तिकडे मुख्य प्रशिक्षकाला हेच म्हणतात) पुढे कंपन्यांना सल्ला देऊ लागला की लगेच कुणीतरी नाक मुरडतं. मला त्यात वावगं काही दिसत नाही. उलट अशा माणसाचं कंपन्यांनी जरूर ऐकावं, असं माझं मत आहे.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: पंधरा-पंधरा जणांचे संघ, चेंडू हातात घेता येतो आणि पायानेही मारता येतो. गोलला ३ गुण, आडव्या दांड्यावरून गेला तर १. १८८४ पासून जीएए ही संघटना हा खेळ चालवते आणि खेळाडूंना पगार नाही. शिक्षक, शेतकरी, इंजिनिअर दिवसभर काम करून संध्याकाळी सरावाला येतात. मोठ्या क्लबांसारखी खेळाडूंची खरेदी-विक्री नाही, जो तो आपल्या काउंटीसाठी (म्हणजे जिल्ह्यासाठी) खेळतो. मॅनेजरच्या हातात बढती नाही, बोनस नाही. तरीही जिम मॅकगिनेसने २०१० मध्ये डोनेगल काउंटीचा संघ घेतला आणि २०१२ मध्ये, २० वर्षांनी, ऑल-आयर्लंड (देशातलं सर्वोच्च विजेतेपद) जिंकून दिली. त्याच वर्षी ग्लासगोच्या सेल्टिक या व्यावसायिक सॉकर क्लबने त्याला कामगिरी सल्लागार म्हणून घेतलं. पैशाचा एकही लगाम हातात नसताना माणसं एकत्र बांधून ठेवणं ज्याला जमलं, त्याच्याकडून शिकायचं नाही तर कुणाकडून?

खोखोप्रेमी
पैसा नाही हे अर्धसत्य आहे. मॅनेजरना मागच्या दाराने पैसे मिळतात ही तिथली जुनी कुरकुर आहे. खुद्द जीएएने २०१२ मध्ये त्यावर चर्चापत्र काढलं होतं.

आणि मॅकगिनेसची पुढची गोष्ट का गाळलीत? २०१९ मध्ये अमेरिकेतल्या शार्लट इंडिपेंडन्स या सॉकर क्लबने त्याला सहा-सात महिन्यांत नारळ दिला. माणूस तोच, मानसशास्त्राचं शिक्षणही तेच. मग अडलं कुठे? डोनेगलमध्ये त्याच्या शब्दाला वजन होतं, कारण तो तिथलाच, १९९२च्या विजेत्या चमूतला. पोरांना त्याचं घर माहीत, त्याला पोरांची घरं माहीत. ते वजन बॅगेत भरून दुसरीकडे नेता येत नाही. २०२४च्या मोसमासाठी तो परत डोनेगलला आला आणि लागोपाठ दोन वर्षं अल्स्टर प्रांताचं विजेतेपद जिंकला, यातच सगळं आलं.

लिफीकाठी
मग जिम गॅव्हिनचं काय? आयरिश हवाई दलातला वैमानिक, पुढे विमान सुरक्षेच्या नियमनात काम. २०१३ ते २०१९ मध्ये डब्लिनला ६ ऑल-आयर्लंड, त्यातली शेवटची ५ सलग. असं पूर्वी कुणाला जमलं नव्हतं. सात वर्षांत चॅम्पियनशिपचा एकच सामना हरला, २०१४ ची उपांत्य फेरी, तीही मॅकगिनेसच्या डोनेगलकडून. त्यानंतर त्याने बचावाची मांडणीच बदलली. चूक शोधायची, पद्धत सुधारायची, कुणावर खापर फोडायचं नाही, ही विमान क्षेत्राची शिस्त आहे. ती सगळीकडे चालते.

खोखोप्रेमी
डब्लिन काउंटीची लोकसंख्या १४ लाखांवर, लीट्रिमची ३५ हजारांच्या आसपास. खेळाच्या विकासासाठी जीएएचा निधीही डब्लिनकडे वर्षानुवर्षं इतरांपेक्षा कितीतरी जास्त गेला. श्रेय फक्त मॅनेजरच्या खात्यावर टाकून त्याचे धडे विकायचे, हे मला पटत नाही.

एचआरवाली
मी पुण्यातल्या कंपन्यांत अशी सत्रं जवळून पाहिली आहेत, वक्ते क्रिकेटचे असोत वा आणखी कुठल्या खेळाचे. प्रशिक्षक त्यागावर बोलतो. थंडीतला सराव, मोडलेलं हाड, सोडलेली सुट्टी. पुढच्या रांगेतल्या साहेबांना त्यातून एकच गोष्ट ऐकू येते: लोकांनी जास्त वेळ थांबावं. डोनेगलचा पोरगा ज्या जर्सीसाठी झिजतो तीत त्याचा आजा, त्याचं गाव असतं. आमच्याकडच्या मुलीला तीन महिन्यांनी दुसऱ्या प्रोजेक्टवर टाकतात. तिच्याकडून तसल्या निष्ठेची अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची? हा अन्याय आहे आणि मला त्याची मनापासून चीड आहे.

त्यापेक्षा मुंबईचे डबेवाले व्यवस्थापन शिकणाऱ्यांपुढे बोलायला येतात ते बरं. डब्यावरच्या खुणा कशा वाचायच्या, स्टेशनवर छाननी कशी होते, हे सांगतात. आपलं काम सांगतात, दुसऱ्याला उपदेश करत नाहीत.

लिफीकाठी
तुमची चीड रास्त आहे, पण दोष ऐकणाऱ्या साहेबांचा. पॅट गिलरॉय बघा. मोठ्या ऊर्जा-सेवा कंपनीचा प्रमुख असताना त्याने डब्लिनचा संघ सांभाळला, हिवाळ्यात पहाटे सहाला सराव लावले आणि २०११ मध्ये केरीला एका गुणाने हरवून १६ वर्षांनी ऑल-आयर्लंड आणली. म्हणजे दोन्ही क्षेत्रांत ये-जा होते.

खोखोप्रेमी
हे उदाहरण माझ्या बाजूचं. तो धंद्यातून मैदानात आला, आणि स्वतः १९९५च्या विजेत्या संघातला डब्लिनकर होता. उलट्या दिशेचं दाखवा. गॅव्हिन २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला आणि महिन्याच्या आत त्याला माघार घ्यावी लागली.

सह्यभटका
राजकारण सोडा, गॅव्हिनचं त्याआधीचं काम बघा. खेळ रटाळ झाला, सगळे मागेच गर्दी करतात, म्हणून जीएएने २०२४ मध्ये त्याला नियम-समितीचा अध्यक्ष केलं. समितीने लोकांची मतं घेतली, प्रस्ताव मांडले आणि ऑक्टोबरमध्ये प्रांतांच्या सामन्यांत प्रत्यक्ष खेळवून पाहिले. गोलला ४ गुण द्यायची कल्पना तिथे वापरली, मग मागे घेऊन ३ वरच ठेवली. ४० मीटरच्या कमानीबाहेरून चेंडू दांड्यावरून मारला तर २ गुण, प्रत्येक संघाचे किमान तीन खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात, हे टिकलं, आणि २०२५चा मोसम पाहणाऱ्यांना खेळ पुन्हा मोकळा वाटला. स्वतःची शिफारस पुरावा पाहून मागे घेणारा सल्लागार मी आमच्या कारखान्यात अजून पाहिलेला नाही. एचआरवाली, असं काही सांगणारा आला तर बोलवाल का?

एचआरवाली
बोलवीन. पण तरुण पोरांपुढे नाही, संचालकांपुढे. आणि त्याने फक्त त्या चार गुणांच्या गोलबद्दल बोलावं.

खोखोप्रेमी
तिथे तो फुटबॉलवाला फुटबॉलच दुरुस्त करत होता. आपला प्रांत त्याला ठाऊक होता. सह्यभटका, तुमच्या कारखान्यातल्या यंत्रांबद्दल त्याला काय ठाऊक असणार?