दमा, सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागणारा फुफ्फुसाचा आजार) घरी कसा सांभाळता? अनुभव लिहा

डॉक्टर भेटतात महिन्या-दोन महिन्यांनी, तेही दहा मिनिटं, बाकीचे दिवस आपले आपल्यालाच निभवायचे असतात. त्या दिवसांबद्दल लिहा. पंप (इन्हेलर) कसा घेता, हवा पालटली की काय करता, दवाखाना कधी गाठता. डोस मात्र एकमेकांचे उचलू नका प्लीज.

मी सुरुवात करते. मला बाळदमा होता तो गेलाच नाही. माझ्याकडे दोन पंप आहेत, एक रोजचा स्टिरॉइडचा आणि एक निळा, दम लागला की घ्यायचा. घरोघरी मी हेच बघते की जरा बरं वाटलं की रोजचा बंद, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं 'सवय लागते', आणि मग सगळा भार निळ्यावर. अहो, निळा श्वासनळी तेवढ्यापुरती मोकळी करतो, आतली सूज तशीच राहते, ती रोजच्या पंपानेच उतरते. म्हणून बरं वाटतंय तेव्हाच तो जास्त निष्ठेने घ्यायचा, आणि घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात बुरशी येते.

दुसरं म्हणजे पीक फ्लो मीटर, श्वास किती जोरात बाहेर फुंकता येतो ते मोजणारी छोटी नळी. सकाळी पंपाच्या आधी उभं राहून तीनदा फुंकायचं आणि त्यातला मोठा आकडा वहीत लिहायचा. माझा चांगल्या दिवसांतला आकडा ४००, म्हणजे ३२० च्या वर हिरवा, २०० ते ३२० पिवळा, त्याखाली लाल. पिवळ्यात काय वाढवायचं ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय, तो कागद फ्रिजवर लावलाय. दिवाळीच्या सुमारास छातीत शिट्टी वाजायच्या आधीच आकडा उतरायला लागतो, तिथेच सावध होता येतं.

*

सांगलीहून लिहितेय. माझ्या सासूबाईंना सीओपीडी आहे. आयुष्यात विडी-सिगरेटला हात लावला नाही, पण चुलीपुढे जन्म गेला. गावाकडे कित्येक बायकांचं हेच आहे आणि सगळ्या 'वयामुळे धाप लागते' म्हणून गप्प बसतात याचं फार वाईट वाटतं.
आमच्याकडे सगळ्यात अवघड काम म्हणजे त्यांची आंघोळ. हात वर केले की दम लागतो. मग प्लास्टिकचं स्टूल ठेवलं, पाणी कोमट, दार थोडं उघडं म्हणजे वाफ कोंडत नाही, आणि अंग पुसत बसायचं नाही, सरळ मोठा टॉवेल गुंडाळून पलंगावर बसायचं, अंग आपोआप टिपलं जातं. धाप लागली की पुढे वाकून, हात मांडीवर टेकून नाकाने श्वास घ्यायचा आणि शिट्टी वाजवताना करतो तसा ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा, घेतला त्याच्या दुप्पट वेळ. हे त्यांना फिजिओथेरपीवाल्या ताईंनी शिकवलं, आता त्या स्वतः शेजारणींना शिकवतात. तोडणी झाली की शेतात पाचट पेटवतात तेवढे दिवस खिडक्या बंद आणि फिरणं घरातल्या घरात, पण फिरणं बंद करत नाही, बसून राहिलं की पायातलं बळ जातं आणि धाप आणखी वाढते.

*

रोटाहेलरवाल्यांसाठी, म्हणजे कॅप्सूलमधली पावडर श्वासाने ओढायचं यंत्र वापरणाऱ्यांसाठी. आमच्या शेजारच्या आजोबांना गुण येत नव्हता, बघितलं तर कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होते! कुणी दाखवलंच नव्हतं त्यांना. कॅप्सूल यंत्रात घालून फिरवायची आणि जोरात, खोल ओढायचं. पंपाचं उलट, तिथे सावकाश ओढायचं, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) असेल तर उत्तमच. दोन्हीकडे श्वास दहा सेकंद धरायचा. दर भेटीत डॉक्टरांसमोर एकदा घेऊन दाखवा, 'बरोबर घेतो ना' एवढं विचारा.

*

वरच्यात भर. मी गोव्यात असतो, पावसाळ्यात इथे पापडसुद्धा सादळतात, तर कॅप्सूल डबीतून घ्यायच्या वेळीच काढायची. आणि स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळू द्यायचा, फडक्याने पुसला तर आत औषध चिकटतं.

*

मच्छर कॉइल बंद करा हो. एका कॉइलच्या धुरात शंभरेक सिगरेटींइतके सूक्ष्म कण असतात. आम्ही मच्छरदाणीवर आलो, मुलाचा रात्रीचा खोकला खूप कमी झाला.

*

मृगाला हैदराबादला दम्यावर औषध भरलेला जिवंत मासा गिळायला देतात, तो घ्यायला आमच्याकडून दरवर्षी मंडळी जातात. श्रद्धेवर मी बोलत नाही, पण येताना पंप बंद करून येतात त्याची भीती वाटते. काकांना तसंच अॅडमिट करावं लागलं होतं.

*

बाबांना घरी ऑक्सिजन मशीन आहे, दिवसातले किमान पंधरा तास. त्यांना ८८ ते ९२ टक्के एवढंच सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ठेवायला सांगितलंय. येणारा प्रत्येक पाहुणा आकडा बघून घाबरतो आणि 'वाढव ना जरा' म्हणतो, पण सीओपीडीच्या काही पेशंटमध्ये ऑक्सिजन जास्त दिला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस गुंगीत जातो, म्हणून नॉबला कुणालाही हात लावू देत नाही. ऑक्सिजनजवळ ज्योत नको म्हणून देवघरातली समई आणि उदबत्ती दुसऱ्या खोलीत नेली, आईने ते स्वतःहून केलं. लाइट जाते म्हणून छोटा सिलिंडर भरून ठेवलेला असतो. फ्लूची लस दरवर्षी.

सकाळी उठल्यावर त्यांना नाव आणि वार विचारतो. उत्तर अडखळत आलं, ओठ निळसर दिसले किंवा एक वाक्य एका दमात पुरं होईना, तर वाट न बघता १०८ ला फोन. नंबर मशीनवरच चिकटवलाय.