भोरडी, पळसमैना की गुलाबी मैना?

दुर्बीणवाली
परवा रविवारी पक्षी बघायला भिगवणला गेलो होतो, पहाटे साडेचारला पुण्यातनं निघून, पाच जणांचा ग्रुप. फेब्रुवारी संपत आलाय, म्हटलं पट्टकदंब (थंडीत येणारे ते हंस) जायच्या आत एकदा डोळे भरून बघून घेऊ. ते दिसले, भरपूर दिसले, पण विषय तो नाहीये. परत येताना रस्त्याच्या कडेला एक पळस फुललेला आणि त्यावर शे-सव्वाशे पाखरांचा नुसता कलकलाट, काळं डोकं, काळे पंख, अंग गुलाबी, आम्ही गाडी थांबवून रोझी रोझी (इंग्रजीत रोझी स्टारलिंग) करत कॅमेरे काढले. शेजारच्या रानात ज्वारी उपटायचं काम चाललेलं, तिथले एक आजोबा आले आणि काय बघताय म्हणाले. मी आपलं मराठीत सांगायचं म्हणून "गुलाबी मैना" म्हटलं. त्यांनी एकदा झाडाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि "भोरड्या हायत त्या" म्हणून तंबाखू मळत निघून गेले.

तर प्रश्न असा की ग्रुपवरच्या यादीत गुलाबी मैना आहे, पुस्तकात पळसमैना सापडलं, आजोबा म्हणतात भोरड्या. बरोबर कुठलं? की तिन्ही चालतात? आणि एकवचन काय, भोरडी की भोरड?

कडबाकुट्टी
भोरडी. पण खरं सांगू का, एकवचन लागतच नाही. आमच्याकडे (मंगळवेढ्याकडचा आहे, मालदांडी ज्वारीचा मुलूख) एकटी भोरडी कुणी बघितलीच नाही, म्हणून सगळे भोरड्याच म्हणतात. आणि भोरड्या 'येत' नाहीत ताई, भोरड्या 'पडतात'. जशी धाड पडते, टोळ पडते, तशा रानात भोरड्या पडतात. लग्नात पोरं जिलबीवर तुटून पडली की आमची आजी म्हणायची, भोरड्यावानी पडली बघा मेली.

लहानपणी मला जानेवारीत सकाळी शाळेच्या आधी रानातल्या माळ्यावर बसवायचे, पाखरं राखायला. हातात गोफण, पायाशी गुंडे, शेजारी पत्र्याचा डबा. चिमण्या असल्या तर डबा वाजवून भागतं, पण भोरड्यांचा थवा आला की आधी अंगावरनं सावली गेल्यासारखं वाटतं, मग वाऱ्यासारखा आवाज, आणि तुम्ही गोफण फिरवेपर्यंत ते निम्म्या पट्टीवर पसरलेले. इकडनं उठवले की तिकडं बसणार. नंतर वडिलांनी जुन्या कॅसेटच्या फिती काढून रानभर ताणून बांधल्या, त्या उन्हात चमकतात आणि वाऱ्यावर गूंऽऽ करून वाजतात, त्याला दोन दिवस घाबरल्या, तिसऱ्या दिवशी त्याच फितीखाली हुरडा खात होत्या. तेव्हा आम्हाला कुणी ही मैना आहे म्हटलं असतं तर गोफण त्याच्याकडेच फिरली असती 😄

खाडीवाला
मुंबईकडचा आहे, ज्वारी फक्त भाकरीच्या रूपात बघितलेली. आम्ही ही पाखरं बघतो ती नॅशनल पार्कात, काटेसावर आणि पांगारा फुलला की. फुलात तोंड घालून मध पितात आणि बाहेर येतात तेव्हा कपाळाला पराग लागून पिवळं झालेलं असतं, हळद लावल्यासारखं. त्यामुळे माझं मत पळसमैनेला. फुलांशी नातं सांगणारं नाव आहे, आणि मैना-साळुंकीच्या गोतातलीच आहे म्हणजे आडनावही बरोबर.

गुलाबी मैनेवर मात्र माझा राग आहे. एकतर ते इंग्रजी नाव समोर ठेवून पाडल्यासारखं वाटतं. दुसरं म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात जी पिल्लं येतात ती चक्क मातकट असतात, आणि मोठ्यांचा गुलाबीसुद्धा तेव्हा मळका, कारण नव्या पिसांची टोकं फिकट तपकिरी असतात. थंडीभर ती टोकं झिजत जातात आणि आतला रंग वर येतो. म्हणजे नवा रंग चढत नाही, वरचा उतरतो. आत्ता फेब्रुवारी-मार्चात एवढ्या झगझगीत दिसतायत त्या म्हणून. सप्टेंबरात नवशिक्याला गुलाबी मैना दाखवा, तो म्हणणार कुठाय गुलाबी.

दुर्बीणवाली
अरे हे माहीत नव्हतं! मला वाटायचं पिसं बदलून गुलाबी होतात. तरीच माझ्या नोव्हेंबरच्या फोटोत सगळ्या धुवट दिसतायत, मी कॅमेऱ्याला शिव्या घातल्या होत्या.

भाषावेडा
व्युत्पत्ती: भोर म्हणजे पहाट, पहाटे रानात येते म्हणून भोरडी? की भोर तालुक्यावरून?

कडबाकुट्टी
पहाटेला पहाट नाहीतर झुंजुरकं म्हणतो आम्ही. असं असतं तर झुंजुरकी झाली असती. आणि भोर तालुक्याचं नाव घेणाऱ्यांनी आधी सोलापुरात येऊन थवे बघावेत.

माळरान
मला वाटतं ही तीन नावं एकमेकांच्या जागेवर येतच नाहीत, म्हणून कुठलं बरोबर हे विचारणं जरा चुकतंय. कडबाकुट्टी जानेवारीतलं सांगतायत, कणसात दाणा भरलेला. खाडीवाला फेब्रुवारी-मार्चातलं सांगतायत, पानं झडून झाडं फुललेली. पाखरू तेच, पण एक जण हातातली गोफण बघून नाव ठेवतो आणि दुसरा फूल बघून. दुर्बीणवाली ताईंची गंमत अशी की त्या बरोब्बर सांध्यावर पोचल्या, शेजारी ज्वारी उपटतायत आणि पळसही फुललाय, त्यामुळे दोन्ही नावं एकाच वेळी कानावर आली.

पावसाळ्यातलं नाव मात्र कुणाकडेच नाही बघा. जुलै-ऑगस्टातच पहिले थवे येतात, माळावर गवतात नाकतोडे टिपत हिंडतात, तेव्हा कुणाचं नुकसान नाही आणि फोटोलाही धड दिसत नाहीत, मग नाव कोण ठेवणार.

अजून एक. या मध्य आशियात जिथे घरटी करतात तिथे टोळ आणि नाकतोडे हेच मुख्य खाणं, पिल्लंसुद्धा त्यावरच वाढतात. चीनच्या शिनच्यांग भागात तर टोळ आटोक्यात राहावेत म्हणून यांच्यासाठी मुद्दाम घरटी बांधून देतात, कारण त्या दगडधोंड्यांच्या कपारीत वसाहत करून राहतात. म्हणजे आपल्याकडे जी टोळासारखी 'पडते' तीच तिकडे टोळांवर पडते. तिथल्या शेतकऱ्याच्या तोंडी तिचं नाव नक्कीच प्रेमाचं असणार.

कडबाकुट्टी
घरटी बांधून देतात?? आमच्या वडलांना सांगतो, जेवण जाणार नाही त्यांना.

खाडीवाला
यावरून आठवलं, 'पाहुणे पक्षी' हा शब्दपण जरा तपासायला हवा. धोबी पक्षी ठीक आहे, ऑक्टोबरच्या आसपास येतो, एप्रिलपर्यंत जातो. पण ही बाई जुलै-ऑगस्टात येते आणि मार्च-एप्रिलपर्यंत हलत नाही, आठ-नऊ महिने राहणारा कसला पाहुणा? आमच्याकडे असा पाहुणा आला तर त्याचं नाव रेशनकार्डात घालावं लागेल. उलट तिकडे फक्त बाळंतपणापुरती जाते.

भाषावेडा
म्हणजे तिकडे माहेर, इकडे सासर. आणि सासरी बोलणी खायची, गोफण चुकवायची, बरोबर जमतंय 😀

दुर्बीणवाली
धोब्याचं निघालंच आहे तर, मुळा-मुठेवर कवडीपाटला परवा एकाच दगडावर दोन पांढरे धोबी होते, एकाच्या गळ्याला नुसती काळी चंद्रकोर आणि दुसऱ्याचा हनुवटीपासून छातीपर्यंत गळा काळा झालेला, बिब बांधल्यासारखा. म्हणजे दुसऱ्याची निघायची तयारी झाली. याला परीट म्हणायचं की धोबी, यावर वेगळा धागा काढते, इथे नको.

आणि हो, या रविवारी परत गेले होते त्याच पळसापाशी. ज्वारी निघालीये, कडब्याची बुचाडं लागलीयेत, पळसाखाली केशरी सडा आणि झाडावर अजून चाळीसेक तरी असतील. आजोबा बांधावर होते. मी मुद्दाम विचारलं, आजोबा, आता रानात ज्वारी नाही, फुलावर बसल्यात, मग पळसमैना म्हणायचं का? तर म्हणाले, "फुलावर बसली म्हून काय झालं, माझा जोंधळा खाऊनच बसली न्हवं." यादीत मी भोरडी, चाळीस असं लिहिलंय. ग्रुपमधल्या दोघांनी हा कुठला नवीन पक्षी म्हणून विचारलं.