कंबर धरलीय, पर्सनल ट्रेनर लावू काय? लवकर सांगा

उद्यमबागकर: तीन आठवडे झाले, कंबर दुखालीय. जिमवाला पर्सनल ट्रेनिंग घ्या म्हणतोय, सोमवारी पैसे भरायचेत. व्यायाम सांगा.

खानापूरकर: दुखणं कमरेतच की पायात उतरतंय? वाकल्यावर की उभं राहून? काम काय?

लाल माती: तालमीत जावा की! रोज 50 बैठका, 20 जोर. ट्रेनर कशाला?

खानापूरकर: @लाल माती, बैठकीत तळाला गेलं की माकडहाड आत वळतं, कंबर गोल होते. आत्ता नकोच.

उद्यमबागकर: कमरेत. सकाळी बूट घालताना जास्त. लेथ मशीनवर असतो, वाकून धातूचा बुरादा काढायचा.

खानापूरकर: मणक्यातल्या चकत्या रात्रभर पाणी शोषून फुगतात. उठल्यावर पहिला तास वाकू नका. बूट खुर्चीत बसून, पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेऊन घाला. बुरादा काढताना कुल्ल्यातून वाका. आधी पाठीवर काठी धरून सराव करा: डोकं, पाठ, माकडहाड तिन्ही टेकलेली पाहिजेत. एक जरी सुटलं तर कंबर वाकली.
व्यायाम बर्ड डॉग. हात-गुडघ्यांवर या, उजवा हात पुढं, डावा पाय मागं, 10 सेकंद. दोन्ही बाजूंनी 6 वेळा, थांबून 4, मग 2. पाय कुल्ल्याच्या वर नेला की कंबर खचते, सगळे तिथंच चुकतात.

निपाणीवाली: पट्टा बांधा आणि गादी बदला. कापसाचीच घ्या.

खानापूरकर: गादीचं कुणी विचारलंय?

लाल माती: व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात चाललं तरी पुरे.

टिळकवाडी फिजिओ: चालणं चांगलंच, 10-10 मिनिटं तीनदा. ट्रेनरनं काही न तपासता पहिल्याच दिवशी डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन वाकून उचलायचा व्यायाम) दिली तर पैसे भरू नका. मुंग्या, बधिरपणा आहे काय?

उद्यमबागकर: डाव्या पावलाची करंगळीकडची बाजू बधिर असते. सेफ्टी बुटामुळं असेल म्हणून लिहिलं नव्हतं.

टिळकवाडी फिजिओ: अहो, हे पहिल्यांदा सांगायचं! भिंतीला हात टेकून एकेका पायाच्या चवड्यावर दहादा उठून बघा.

उद्यमबागकर: उजव्यावर झालं. डाव्यावर तीनदाच, मग टाच उचलेना.

टिळकवाडी फिजिओ: नस दबत असणार, ताकद कमी झालीय. उद्याच हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. मधेच लघवी अडली किंवा बसायच्या जागी बधिर झालं, तर रात्र असली तरी थेट दवाखान्यात.

उद्यमबागकर: जिमचे पैसे मग?

खानापूरकर: खिशातच ठेवा.